आयटीआयला अर्ज करताय? नागपूरकरांनो, जूनच्या आधी हे कागद काढून ठेवा

दहावीचा निकाल लागला की ‘आयटीआयचे फॉर्म सुटले का?’ ही विचारणा सुरू होते. फॉर्म भरणं काही अवघड नाही, मोबाइलवरही भरता येतो. खरी गोची नंतर होते. साठ-पासष्ट टक्क्यांचा पोरगा यादीत नसतो आणि त्याच्याहून कमी गुणांचा शेजारी इलेक्ट्रिशियनला बसलेला असतो. चौकशी केली की कळतं, अर्ज भरला होता पण निश्चित केलाच नव्हता, किंवा नॉन-क्रीमी लेअरची, म्हणजे ओबीसीसारख्या प्रवर्गांना लागणाऱ्या उत्पन्नाच्या प्रमाणपत्राची, मुदत मार्चमध्येच संपली होती. म्हणून सोप्या पायऱ्या इथे एकेका ओळीत उरकतो आणि जिथे माणसं दरवर्षी अडकतात तिथे थांबतो.

पात्रता आधी. वयाची 14 वर्षं पूर्ण हवीत, वरची मर्यादा नाही. त्यामुळे बी.ए. करून घरी बसलेल्या, तिशीतल्या माणसालाही अर्ज करता येतो. मात्र गुणवत्ता यादी लागते ती दहावीच्या गुणांवर, पदवीच्या नाही. फिटर, इलेक्ट्रिशियन यांसारख्या ट्रेडना (म्हणजे अभ्यासक्रमांना) दहावी विज्ञान-गणितासह पास असावं लागतं. वेल्डर, वायरमन, प्लंबर, सुतारकाम, शिवणकाम अशा काही ट्रेडना दहावी नापासही चालतात. ‘नापास झालो, आता काय’ म्हणून ज्यांनी आशा सोडलीय त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, टर्नर दोन वर्षांचे. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक, कोपा (कॉम्प्युटरचा ट्रेड) एका वर्षाचे.

अर्ज व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश पोर्टलवर भरायचा. शासकीय आणि खाजगी दोन्ही आयटीआयसाठी अर्ज एकच. शुल्क शे-दीडशेच्या घरात.

भरलेला अर्ज आणि निश्चित केलेला अर्ज

पहिली ठेच इथे लागते. ऑनलाइन फॉर्म भरला, पैसे भरले, प्रिंट निघाली की घरचे पेढे वाटायच्या बेतात असतात. पण मूळ कागदपत्रं घेऊन आयटीआयमध्ये प्रत्यक्ष गेल्याशिवाय, तिथल्या माणसाने ती तपासून अर्ज ‘निश्चित’ केल्याशिवाय तो अर्ज गुणवत्ता यादीत येतच नाही. त्यासाठी नागपुरात श्रद्धानंद पेठेतल्या शासकीय आयटीआयपर्यंत यायची गरज नाही. कामठी, हिंगणा, काटोल, उमरेड, रामटेक, जी आयटीआय जवळ असेल तिथे हे काम होतं. तालुक्याला गर्दीही कमी असते.

हातातल्या प्रिंटवर नीट पाहा. निश्चिती झाली असेल तर तसा उल्लेख असलेली वेगळी प्रत मिळते. ती नसेल तर तुमचा अर्ज अजून अर्धवट आहे. वेळापत्रकात अर्ज भरण्याची शेवटची तारीख वेगळी आणि निश्चितीची वेगळी असते, हेही लक्षात असू द्या.

निश्चितीनंतर प्रवर्ग, गुण, जन्मतारीख यांत मनासारखे बदल करता येत नाहीत. प्राथमिक गुणवत्ता यादी लागल्यावर हरकतींसाठी थोडे दिवस मिळतात, चूक सुधारायची ती तेव्हाच. त्या दिवसांत मोबाइलवर नजर ठेवा. आणि मोबाइलवरून आठवलं: फॉर्ममध्ये नंबर स्वतःचा किंवा आईवडिलांचा टाका. ऑनलाइन सेंटरवाला घाईघाईत स्वतःचा नंबर टाकून मोकळा होतो, पुढचे सगळे ओटीपी आणि संदेश त्याच्या फोनवर. प्रवेशाची फेरी लागते, मुदत संपते, पोट्ट्याला पत्ता नाही. सेंटरवाल्याचा हेतू वाईट नसतो, पण हंगामात त्याच्याकडे असे शेकडो असतात. पासवर्डही स्वतःच्या वहीत लिहून घ्या.

जातीचा दाखला: कागद जो घरात नसतोच

सगळ्यात जास्त चपला इथे झिजतात. जातीच्या दाखल्यासाठी विशिष्ट तारखेआधीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967. आता 2010 च्या आसपास जन्मलेल्या मुलाच्या घरी 1967 च्या आधीचा कागद कुठून येणार? वडिलांचा टीसी असतो, पण वडील बहुधा त्या तारखेनंतर जन्मलेले. म्हणजे शोध आजोबा-पणजोबांचा.

तो शोध घरातल्या ट्रंकेत संपत नाही. आजोबा ज्या गावच्या प्राथमिक शाळेत गेले, त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांकडून मागा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर आपल्या विदर्भात कोतवाल बुक हा मोठा आधार आहे. गावच्या जन्म-मृत्यूच्या त्या जुन्या नोंदींत नावापुढे जात लिहिलेली सापडते. नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मिळते. अर्जात गाव, अंदाजे साल आणि आजोबा-पणजोबांचं नाव लिहावं लागतं. साल माहीत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि नोंदीत आडनाव नसून फक्त ‘बापाचे नाव’ असेल हे गृहीत धरा. जुन्या जमिनीच्या हक्कनोंदीही कामी येतात. त्या माणसाशी तुमचं नातं दाखवायला वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं.

हे काम निकालानंतर सुरू केलं तर प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत आटोपत नाही. मूल नववीत गेलं की सुरुवात करा. काका, आत्या, सख्खा चुलतभाऊ यांपैकी कोणाकडे जातीचं वैधता प्रमाणपत्र असेल तर निम्मं काम झालं, आधी नातेवाइकांना फोन लावा.

प्रतिज्ञापत्राबाबत एक गोष्ट ठासून सांगतो. जात, उत्पन्न, रहिवास या दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, आणि ते आज नाही, 2004 पासून. ऑक्टोबर 2024 मध्ये शंभराचा मुद्रांक पाचशेचा झाला, तेव्हा लोकांकडून पाचशेचे कागद मागवायला सुरुवात झाली. 2025 मध्ये महसूल मंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांना ही माफी पुन्हा जाहीर करावी लागली. वीस वर्षं जुना आदेश मंत्र्यांनी परत वाचून दाखवावा लागतो, यातच सगळं आलं. तेव्हा कोणी पाचशेचा मुद्रांक मागितला तर ‘साध्या कागदावर चालतं ना?’ असं शांतपणे विचारा.

छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडून किंवा छत्तीसगडहून येऊन नागपुरात स्थायिक झालेली बरीच कुटुंबं आहेत. त्यांच्यासाठी कटू बाब अशी, की कुटुंब वरच्या तारखेनंतर इथे आलं असेल तर आरक्षणाचा लाभ मूळ राज्यात मिळतो, महाराष्ट्रात नाही. जात यादीत दोन्हीकडे असली तरीही. त्यांनी प्रवर्गाचा दावा करून निश्चितीच्या खिडकीवर हिरमोड करून घेण्यापेक्षा खुल्यातून अर्ज करावा आणि आधी अधिवासाचा दाखला काढावा. त्याला महाराष्ट्रातल्या 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांकडे वीज बिल स्वतःच्या नावाचं नसतं, तिथे मुलाचे पहिलीपासूनचे शाळेचे दाखले उपयोगी पडतात.

31 मार्च

ओबीसी, विमुक्त-भटके, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) या प्रवर्गांना जातीच्या दाखल्यासोबत नॉन-क्रीमी लेअरही लागतं. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. हे प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात आणि त्याची मुदत 31 मार्चला संपते. मागच्या पावसाळ्यात मोठ्या भावासोबत काढलेलं प्रमाणपत्र घेऊन मुलगी जूनमध्ये खिडकीवर उभी राहते. लॅमिनेट केलेलं, कोरं करकरीत. कर्मचारी वरचं काही वाचत नाही, बोट सरळ खालच्या ओळीवर ठेवतो: ‘31 मार्चपर्यंत वैध’. झालं. तुमचा कागद आत्ता बाहेर काढा आणि तीच ओळ आधी वाचा. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे दिले तर प्रमाणपत्र तीन वर्षांसाठी मिळू शकतं. अर्ज करतानाच तसं मागा, नाहीतर एका वर्षाचं हातात पडतं.

वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची, पण नॉन-क्रीमी लेअरमध्ये पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. ईडब्ल्यूएसलाही (खुल्यातले आर्थिक दुर्बल) आठ लाखच, पण तिथे सगळं उत्पन्न धरतात. दोन्हींची गल्लत होऊन ‘आमचं बसत नाही’ म्हणत लोक अर्जच करत नाहीत. आणि केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेअर राज्याच्या प्रवेशाला देऊ नका, ते रेल्वे-बँकेच्या भरतीसाठी असतं.

सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज केल्यावर पावती मिळते. ती जपा. लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे आणि ती उलटली की अपील करता येतं. सिव्हिल लाइन्सच्या सरकारी कार्यालयात जाऊन ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ ऐकत बसण्यापेक्षा पावती क्रमांकासह लेखी विचारलेलं लवकर हलतं.

नावातली एक मात्रा

वानखेडेच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मार्कशीटवर डब्ल्यू, आधारवर व्ही. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. प्रवेशाच्या वेळी हे बहुधा खपून जातं. बोचतं नंतर, शिष्यवृत्तीला आणि दोन वर्षांनी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्रावर. प्रमाण मानायची ती दहावीची मार्कशीट. आधार तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, आणि तेही अर्जाच्या आधी.

लग्न झालेल्या मुली शिवणकाम किंवा कोपाला येतात, त्यांचं दुखणं वेगळं. दहावीला माहेरचं नाव, आधारला सासरचं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाताशी ठेवा. लग्नाची पत्रिका हा पुरावा नव्हे. जातीचा दाखला मात्र वडिलांकडचाच लागतो, नवऱ्याच्या जातीवरून मिळत नाही.

पर्याय भरताना

शंभरपर्यंत पर्याय देता येतात, पण पोरं चार-पाच देऊन थांबतात. सगळ्यांना श्रद्धानंद पेठेतली इलेक्ट्रिशियनची जागा हवी असते. हवी असावी, महावितरण, कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं डोळ्यांसमोर असतात. ती वर लिहा की, वरचा पर्याय लिहिल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. खाली वायरमन, फिटर, डिझेल मेकॅनिक, शेजारच्या तालुक्यांतल्या आयटीआय असं उतरत जा. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांना फिटर-वेल्डर लागतातच.

धोका पहिल्या क्रमांकात आहे. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर प्रवेश घेणं बंधनकारक असतं. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. ‘सेफ म्हणून’ एखादी लांबची जागा एक नंबरला टाकणाऱ्यांची इथे फसगत होते. पहिल्या क्रमांकावर तेच लिहा, जिथे दुसऱ्या दिवशी सकाळी दप्तर घेऊन जायची तुमची तयारी आहे.

पैसे आणि खातं

शासकीय आयटीआयचं शुल्क परवडणारं आहे. खाजगीचं जास्त असतं, त्याची प्रतिपूर्ती महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरून होते. त्याला तहसीलदारांचा उत्पन्न दाखला हवा आणि प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. संस्थेत थेट जाऊन जागा घेण्याआधी हे विचारून घ्या.

‘बँकेत आधार दिलंय’ एवढ्याने रक्कम येत नाही. केवायसीला आधार देणं वेगळं आणि खातं डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधारशी सीड होणं, म्हणजे जोडलं जाणं, वेगळं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते, तिथे ज्या बँकेचं नाव आहे त्याच खात्यात पैसे जातील. ते खातं कधीकाळी उघडलेलं आणि आता बंद पडलेलं निघतं, तेव्हा बँकेत सीडिंगचा फॉर्म भरून सध्या वापरात असलेलं खातं जोडून घ्या.

अकरावीत अडकलेला टीसी

आयटीआयचं नक्की नाही म्हणून दरम्यान अकरावीला प्रवेश घेणारे खूप. त्यात चूक काही नाही, पण मूळ टीसी आणि मार्कशीट कॉलेजात जमा होते. आयटीआयची फेरी लागते, हातात मोजके दिवस असतात आणि कॉलेज म्हणतं, क्लार्क रजेवर आहे, सोमवारी या. प्रत्यक्ष प्रवेशाला मूळ कागदच लागतात, झेरॉक्सवर भागत नाही. कॉलेजात कागद देतानाच जमा केल्याची पोच घ्या, आणि पर्याय भरले त्याच दिवशी प्रवेश रद्द करण्याचा अर्ज तयार ठेवा.

नियमित फेऱ्यांत नंबर लागला नाही तर शेवटी समुपदेशन फेरी असते. त्यात हजर असलेल्यांतून गुणानुक्रमे जागा भरतात, आणि वरच्या गुणांची पोरं तोवर पॉलिटेक्निकला गेलेली असल्याने चांगले ट्रेडही मोकळे सापडतात. त्या दिवशी मूळ कागद आणि शुल्काचे पैसे सोबत घेऊनच निघा, जागा जागच्या जागी घ्यावी लागते.