पोलीस सेवा-रिव्हॉल्व्हरांचा संग्रह

पोलीस दलाने कर्मचाऱ्यांना कामावर बाळगण्यासाठी दिलेली, किंवा दलाच्या नियमांनुसार त्यांनी स्वतः विकत घेतलेली, आणि पुढे सेवेतून बाद झालेली रिव्हॉल्व्हरे जमवणे, त्यांची नेमकी ओळख पटवणे आणि ती कोणी, कोठे व केव्हा वापरली याचा माग काढणे, असा हा छंद आहे. शस्त्रसंग्रहाच्या इतर शाखांत दुर्मीळ नमुना, कोरीवकाम किंवा न वापरलेली कोरी अवस्था यांना मोल असते. येथे वस्तू बहुधा लाखांच्या संख्येने बनलेली, साधी आणि वापराने झिजलेली असते. तिला वेगळेपण येते ते एखाद्या दलाशी किंवा एखाद्या माणसाशी असलेल्या तिच्या संबंधामुळे, आणि हा संबंध सिद्ध करणे हेच या छंदातले खरे काम होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा छंद विशेष वाढला, कारण तेथे शहराशहराची पोलीस दले स्वतंत्र आहेत, प्रत्येकाने आपापली शस्त्रे निवडली आणि जुनी शस्त्रे अनेकांनी खाजगी बाजारात जाऊ दिली.

पोलिसांसाठी एकाच नमुन्याचे रिव्हॉल्व्हर ठरवून देण्याची पद्धत १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी या आयर्लंडमधील पोलीस दलाने १८६८ मध्ये वेब्ली कंपनीचे आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर स्वीकारले. न्यूयॉर्क शहरात पोलीस आयुक्त मंडळाचे अध्यक्ष असताना थिओडोर रूझवेल्ट यांनी १८९६ मध्ये कोल्ट कंपनीचे ०.३२ इंच व्यासाचे ‘न्यू पोलीस’ हे रिव्हॉल्व्हर दलासाठी निश्चित केले. तोवर तेथील शिपाई निरनिराळ्या बनावटींची शस्त्रे बाळगत. १८९९ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने ‘मिलिटरी अँड पोलीस’ हा नमुना बाजारात आणला. १९५७ पासून ‘मॉडेल १०’ या नावाने ओळखले जाणारे हे सहा गोळ्यांचे, ०.३८ स्पेशल काडतुसाचे रिव्हॉल्व्हर आजवर सुमारे ६० लाख बनले असून पोलिसी रिव्हॉल्व्हर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तेच येते. कोल्ट कंपनीचे ‘ऑफिशियल पोलीस’ (१९२७–१९६९) हे त्याचे मोठे प्रतिस्पर्धी. दोन्ही दुरून सारखी दिसली तरी हातात घेताच फरक कळतो: कोल्टचे सिलिंडर (काडतुसे धरणारा फिरता भाग) उघडताना खटका मागे ओढावा लागतो आणि नेम धरणाऱ्याच्या बाजूने पाहता ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, तर स्मिथ अँड वेसनचा खटका पुढे ढकलावा लागतो आणि सिलिंडर उलट्या दिशेने फिरते.

या दोन सर्वसामान्य नमुन्यांच्या तुलनेत स्मिथ अँड वेसनचे १९३५ मध्ये निघालेले ०.३५७ मॅग्नम काडतुसाचे ‘रजिस्टर्ड मॅग्नम’ फारच थोडे बनले. ग्राहकाच्या मागणीनुसार घडवलेल्या या प्रत्येक रिव्हॉल्व्हरचा स्वतंत्र नोंदणी क्रमांक, ‘आरईजी’ या अक्षरांसह, सिलिंडर बाहेर काढल्यावर दिसणाऱ्या फ्रेमच्या (शस्त्राच्या मुख्य सांगाड्याच्या) खाचेत ठोकलेला असे व मालकाला नोंदणीचे प्रमाणपत्र मिळे. पहिले रिव्हॉल्व्हर एफबीआयचे संचालक जे. एडगर हूवर यांना देण्यात आले. कॅन्सस सिटीच्या पोलीस दलानेही ही महागडी रिव्हॉल्व्हरे घेतली होती, आणि त्या दलाकडचा नमुना हाती लागणे हे आजही संग्राहकाचे मोठे भाग्य समजले जाते.

जुनी रिव्हॉल्व्हरे मोठ्या संख्येने बाजारात आली ती पोलिसांनी स्वयंचलित भरणीची पिस्तुले स्वीकारल्यावर. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे दोन सशस्त्र दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. त्या दिवशी अनेक अधिकाऱ्यांपाशी रिव्हॉल्व्हरेच होती, आणि या घटनेने आधीच सुरू झालेल्या बदलाला वेग दिला. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९३ मध्ये ९ मिलिमीटर पिस्तुलांकडे वळण्यास प्रारंभ केला, मात्र जुन्या कर्मचाऱ्यांपैकी काहींच्या कमरेला रिव्हॉल्व्हर २०१८ पर्यंत राहिले. नव्या पिस्तुलांच्या किमतीतून वजावट मिळावी म्हणून अनेक दलांनी आपला जुना साठा व्यापाऱ्यांना दिला. काहींनी निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचे शस्त्र ठेवू दिले. काहींनी सारा साठा वितळवून टाकला, आणि त्याबरोबर त्या दलाच्या इतिहासाचा एक हाताळता येणारा पुरावा कायमचा गेला, ही खेदाची गोष्ट आहे.

सेवेतले रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षे बाळगले जाते, पण झाडले जाते क्वचितच. त्यामुळे त्याची झीज विशिष्ट प्रकारची असते आणि ती वाचता येणे हे संग्राहकाचे पहिले कौशल्य होय. नळीच्या टोकाशी व सिलिंडरच्या कडांवर काळा-निळा ओप उडून पांढरे पोलाद दिसते, कारण कामावर जाताना-येताना शस्त्र रोज होल्स्टरच्या, म्हणजे कमरेला अडकवलेल्या त्याच्या म्यानाच्या, कातड्यावर घासलेले असते. मुठीच्या अक्रोडी लाकडावर, कमरेपासून बाहेरच्या बाजूला, मोटारीचे दार, खुर्चीचा हात, टेबलाचा कोपरा यांचे बारीक घाव साचतात. आतली बाजू मात्र बरीच शाबूत राहते. उजव्या कमरेला बाळगणाऱ्याचे रिव्हॉल्व्हर उजवीकडे आणि डावखुऱ्याचे डावीकडे अधिक खरचटलेले सापडते. बाहेरून इतके दमलेले शस्त्र उघडून पाहावे तर नळीतले आटे तीक्ष्ण आणि यंत्रणा गुळगुळीत असते, कारण त्याने बहुधा ठरावीक मुदतीने होणाऱ्या नेमबाजीच्या चाचण्याच पाहिलेल्या असतात. नव्याने ओप चढवून ही झीज पुसणाऱ्याने त्या रिव्हॉल्व्हरचे चरित्रच पुसले, असे म्हणावे लागते.

झिजेच्या जोडीला खुणा आणि कागद पाहावे लागतात. दलाची आद्याक्षरे, साठ्यातला क्रमांक किंवा शिपायाचा बिल्ला क्रमांक हे मुठीच्या मागच्या पट्टीवर अथवा फ्रेमवर ठोकलेले असतात. कॅनडाच्या रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिसांच्या रिव्हॉल्व्हरांवर दलाच्या नावाची इंग्रजी व फ्रेंच आद्याक्षरे आढळतात. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांत मुठीच्या तळाशी असलेला अनुक्रमांक सिलिंडरच्या मागील बाजूवर, नळीच्या खालच्या सपाट भागावर आणि उजव्या लाकडी मुठीच्या आतल्या अंगावरही सापडतो. हे सारे जुळले तर शस्त्र मूळ भागांचे आहे असे मानता येते. तळाच्या अनुक्रमांकाशेजारी लहानसा तारा ठोकलेला असेल तर ते दुरुस्तीसाठी वा नव्या ओपासाठी कारखान्यात परत गेले होते, असे समजावे. कंपनीच्या दफ्तरातून मिळणाऱ्या पत्रात रिव्हॉल्व्हर कोणत्या दिवशी व कोणाकडे रवाना झाले हे कळते; परंतु ‘कोणाकडे’ या जागी अनेकदा घाऊक व्यापाऱ्याचे नाव असते आणि दलाचा उल्लेखच नसतो. बिल्ला क्रमांकाचीही एक मर्यादा आहे. एकाच्या निवृत्तीनंतर तोच क्रमांक दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, म्हणून क्रमांकासोबत काळ निश्चित झाल्याखेरीज माणूस निश्चित होत नाही.

शस्त्र घ्यावे, गोष्ट विकत घेऊ नये, असा सल्ला या छंदात नवख्याला आवर्जून दिला जातो. तो किती खरा आहे हे न्यूहॉल प्रकरणावरून दिसते. ५ एप्रिल १९७० च्या मध्यरात्रीच्या सुमारास कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथे महामार्ग पोलिसांचे चार तरुण अधिकारी काही मिनिटांच्या चकमकीत मारले गेले. त्यांच्यापैकी एकाने सरावाच्या मैदानावरील सवयीने ऐन गोळीबारात रिकाम्या पुंगळ्या खिशात भरल्या आणि त्यात जीव गमावला, ही कथा पुढे अनेक वर्षे प्रशिक्षणवर्गांतून सांगितली गेली. तपासाची कागदपत्रे बारकाईने पाहणाऱ्यांना मात्र तिला आधार सापडला नाही. पुंगळ्या जमिनीवर पडलेल्या होत्या. एका मेलेल्या माणसावर चुकीचा ठपका इतका काळ राहिला, ही बाब कोणतीही ऐकीव कथा पुढे सांगण्यापूर्वी आठवावी. याच घटनेनंतर त्या दलाने सहाही काडतुसे एकदम भरणारी साधने दिली, त्यामुळे त्या काळातील रिव्हॉल्व्हरासोबत असे साधन आणि पट्ट्यावरची त्याची पिशवी मिळाली तर तीही जपण्याजोगी असते. निवृत्त अधिकाऱ्याकडून किंवा त्याच्या कुटुंबाकडून शस्त्र घेताना त्याची नेमणूक, सेवेची वर्षे आणि अनुक्रमांक यांचे सही-तारखेचे निवेदन घेणे, शक्य झाल्यास गणवेशातील छायाचित्राची प्रत ठेवणे, हे त्यामुळेच आवश्यक ठरते.

खरेदीपूर्वी सिलिंडर उघडून सर्व घरे रिकामी असल्याची खात्री करावी. मग हॅमर (काडतुसावर आघात करणारा घोडा) सावकाश मागे ओढून, तो अडकण्याआधी सिलिंडर जागेवर घट्ट बसते का हे पाहावे. जुन्या कोल्टमध्ये सिलिंडर फिरवणारी पट्टी झिजून येथे दोष निर्माण होतो. १९५५ मध्ये आलेल्या स्मिथ अँड वेसन ‘कॉम्बॅट मॅग्नम’मध्ये नळीच्या सिलिंडरकडील तोंडाला, तळाच्या सपाट भागावर, भेग आहे का हे तपासावे.

कायदे देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेले शस्त्र संघराज्याच्या कायद्यानुसार पुरातन गणले जाते, आणि मूळ स्वरूपात असलेले, किमान ५० वर्षांपूर्वीचे शस्त्र संग्राह्य वस्तूंच्या वर्गात येते. या वर्गासाठी संग्राहकाला ३० डॉलर शुल्काचा, तीन वर्षांचा परवाना मिळतो. राज्यांचे नियम त्याशिवाय लागू होतात. दलातून हरवलेले किंवा चोरीस गेलेले शस्त्र कितीही हात बदलले तरी चोरीचेच राहते, म्हणून अनुक्रमांकाची पडताळणी टाळू नये. ब्रिटनमध्ये १९९७ च्या बंदीनंतर १९१९ पूर्वी बनलेली ऐतिहासिक हातशस्त्रे विशेष अटींवरच ठेवता येतात, तर कॅनडाने २१ ऑक्टोबर २०२२ पासून हातशस्त्रांची खरेदी-विक्री व हस्तांतर गोठवले आहे.

जतनाच्या बाबतीत सर्वाधिक नुकसान होते ते प्रेमापोटी. मूळ होल्स्टर मिळाले की रिव्हॉल्व्हर त्यातच ठेवण्याचा मोह होतो, परंतु कातडे ओलावा धरून ठेवते आणि कमावण्यातले क्षार पोलादावर गंज चढवतात. शस्त्र पुसून, तेलाचा पातळ हात देऊन, रिकामे व कुलपात ठेवावे. होल्स्टर त्याच्या शेजारी, पण वेगळे ठेवावे, आणि दोहोंना एकाच नोंदीचा क्रमांक द्यावा.