एमआरआय आणि फंक्शनल एमआरआय: मशीन तेच, प्रश्न वेगळा

मिरजेत मेंदूचा एमआरआय करून निघालेल्या माणसाच्या हातात फिल्मचं मोठं पाकीट असतं. त्यातला मेंदू काळा-पांढरा. मोबाइलवर 'मेंदू असा विचार करतो' अशा मथळ्याखाली दिसणारा मेंदू मात्र लाल-पिवळ्या ठिपक्यांचा. मग नातेवाईक विचारतात, आमच्या फिल्मवर रंग का नाहीत? आणि रिपोर्टमध्ये 'नॉर्मल' लिहिलंय, तरी फिट कशी येते? एमआरआय आणि फंक्शनल एमआरआय या तपासण्या एकच समजल्या की हे प्रश्न पडतातच. दोन्ही एकाच मशीनवर होऊ शकतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

डॉक्टर नेहमी लिहून देतात तो साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. मशीनचं चुंबक १.५ किंवा ३ टेस्लाचं असतं, १.५ टेस्ला म्हणजे सांगलीत जाणवणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. रेडिओ लहरींनी त्याला क्षणभर ढळवायचं आणि तो पूर्वपदावर येताना देतो तो संकेत टिपायचा. करडा भाग, पांढरा भाग, सूज, गाठ यांचा पूर्वपदावर येण्याचा वेग वेगवेगळा, म्हणून फिल्मवर छटा वेगळ्या. पक्षाघाताचा ताजा झटका सीटी स्कॅनमध्ये दिसत नसतानाही एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रात (पाण्याच्या कणांची हालचाल टिपणाऱ्या) बहुधा पांढरा चमकतो. पण रचना शाबूत आणि काम बिघडलेलं, असंही होतं. फिट, अर्धशिशी, नैराश्य यांत फिल्म स्वच्छ येणं अगदी नेहमीचं आहे. त्यावरून 'याला काही झालेलं नाही, नाटक करतोय' असं म्हणणं हा रुग्णावर अन्याय आहे.

फंक्शनल एमआरआय रक्ताकडे बघतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त गरजेपेक्षा जास्त धावतं. प्राणवायू सोडून दिलेलं हिमोग्लोबिन किंचित चुंबकीय असतं, हे पाउलिंग आणि कोरियल या रसायनशास्त्रज्ञांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. ताजं रक्त आलं की अशा हिमोग्लोबिनचं प्रमाण घटतं आणि संकेत जरासा वाढतो. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये उंदरांवर हे दाखवलं, १९९२ मध्ये माणसांवरचे प्रयोग छापून आले. वेगळं औषध टोचावं लागत नाही, रुग्णाचं स्वतःचं रक्तच पुरतं.

'जरासा' म्हणजे किती? साधारण एखाद-दोन टक्के. त्यामुळे एका चित्रात काहीच दिसत नाही. बोटं हलवण्याची चाचणी घ्या: ३० सेकंद अंगठा एकेका बोटाला टेकवायचा, ३० सेकंद स्वस्थ पडायचं, असे पाच फेरे. दर २ सेकंदांना अख्ख्या मेंदूचं एक चित्र धरलं तर पाच मिनिटांत १५० चित्रं होतात. मग संगणक हलवतानाची आणि स्वस्थ असतानाची चित्रं ताडून बघतो आणि फरक भरवशाचा वाटला तिथे रंग भरतो. म्हणजे रंग हा त्या तुलनेचा निकाल असतो. मेंदूत काही उजळलेलं नसतं. रंगीत मेंदू दिसला की पहिला प्रश्न हाच हवा: कशाच्या तुलनेत?

बारकावाही कमी. रचनेचं चित्र १ मिलिमीटरच्या तुकड्यांत मिळतं, इथे तुकडा सहसा ३ मिलिमीटरचा, म्हणजे घनफळ २७ पट. एकेका तुकड्यात लाखो पेशी. पेशी मिलिसेकंदांत बोलतात, पण रक्ताचा प्रतिसाद शिगेला पोचायला ५-६ सेकंद लागतात.

हिशेबातही घात होतो. मेंदूचे असे चाळीस-पन्नास हजार तुकडे स्वतंत्रपणे तपासले आणि प्रत्येकी पाच टक्के चूक चालवून घेतली, तर दोन हजारांवर तुकडे उगाच रंगतात. २००९ मध्ये संशोधक क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मशीनमध्ये मेलेला सामन मासा ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले. इतके तुकडे एकदम तपासल्याने साचणाऱ्या या चुकीची दुरुस्ती न करता हिशेब मांडला तर माशाच्या मेंदूतही रंग आला. दुरुस्ती करताच गेला.

दवाखान्यात याचा खरा उपयोग गाठीच्या शस्त्रक्रियेआधी होतो: हात हलवणारा, बोलणारा भाग गाठीपासून किती दूर आहे ते बघायला. इथे आपल्या सांगली-मिरज भागाची एक गोष्ट सांभाळायला हवी. जतकडच्या कितीतरी घरांत कन्नड बोलतात, आणि मिरजेत तर कर्नाटकातूनही रुग्ण येतात. भाषेच्या चाचणीत पडद्यावर 'विळा' आला की मनात 'कापणे' म्हणायचं असतं. अशा शब्दांची यादी रुग्णाच्या घरच्या बोलीतलीच हवी. नाहीतर तो भाषांतर करत बसतो, मागे पडतो आणि नकाशा फिका येतो. शब्द मनातच म्हणायचा, कारण जबडा हलला की डोकं हलतं, आणि दोन-तीन मिलिमीटर हललं तरी निकाल बिघडतो. आत जाण्याआधी बाहेर खुर्चीवर सराव करून घ्यावा. आत गेल्यावर मशीनच्या आवाजात सूचना नीट कळत नाहीत.

सगळ्यात धोक्याची चूक कोऱ्या जागेची. गाठीलगतच्या रक्तवाहिन्यांचं तंत्र बिघडलेलं असतं. तिथला भाग काम करत असूनही रक्त वाढत नाही, म्हणून रंग येत नाही. 'रंग नाही, म्हणजे कापायला मोकळं' असं धरता येत नाही. म्हणूनच नाजूक जागी सर्जन शस्त्रक्रियेत मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य वीज देऊन खात्री करतात.

तयारी दोन्हींची सारखीच. किरणोत्सर्ग नाही, पण चुंबक कायम चालू असतं. मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना बाहेर. पेसमेकर किंवा शस्त्रक्रियेत डोक्याच्या आत बसवलेली क्लिप असेल तर आधी सांगायचं. कुपवाड एमआयडीसीत ग्राइंडरवर किंवा लेथवर काम केलेल्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे आठवून सांगावं. शंका असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात, कारण आत राहिलेला कण चुंबकाने हलून डोळा जाऊ शकतो.