फळीला पोट का सुटतं?

गेल्या दिवाळीत पुस्तकांची मांडणी घरीच करायची ठरवलं. गिरगावातल्या दीड खोलीत सुताराला पसारा मांडायला जागा नाही, आणि माझ्याकडे हत्यारं म्हणाल तर टेप, गुण्या आणि शेजारच्या काकांचं ड्रिल मशीन. नाक्यावरच्या दुकानदाराने प्लाय मापात कापून दिला. पैसे वाचवायला १२ मिमीचा घेतला, फळ्या तीन फुटी ठेवल्या. पुस्तकं लावल्यावर थोडा झोल दिसला, मी कानाडोळा केला. गणपतीत भाचीने वरच्या फळीच्या रिकाम्या कडेला गोटी ठेवली, ती घरंगळत मधोमध जाऊन थांबली. आई म्हणाली, "फळीला पोट सुटलंय रे!"

या पोटाचं गणित मोठं निर्दय आहे. फळी पुस्तकांनी भरलेली असेल तर मधला झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि जाडीच्या तिसऱ्या घाताने घटतो. दोन फुटांऐवजी तीन फूट केले, की झोल दीडपट नाही, पाचपट. १८ मिमीऐवजी १२ मिमी घेतला, की जवळजवळ साडेतीनपट. मी दोन्ही केलं होतं, म्हणजे सतरापट! त्यात दिवाळी अंक. फूटभर जाडीचा गठ्ठा काट्यावर ठेवला तर दहा किलोच्या आसपास भरला.

पण भार तर वर्षभर तेवढाच होता, मग पोट वाढलं कशानं? लाकूड भाराखाली हळूहळू वाकत राहतं, याला क्रीप म्हणतात. लाकडातल्या सेल्युलोज या द्रव्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना धरून असतात. हवेतली ओल आत शिरते आणि बाहेर पडते, तेव्हा त्यांची पकड सुटते आणि जराशी सरकून पुन्हा बसते. वर पुस्तकांचं ओझं असल्यामुळे सरकणं खालच्याच दिशेला. गंमत म्हणजे कायमच्या ओलीपेक्षा ओल-कोरड्याचा हा खेळ फळीला जास्त वाकवतो. जुलैत हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर आणि थंडीत कोरडे वारे, असलं मुंबईचं वर्ष फळीला नेमकं बाधतं.

उपाय शाळेच्या दप्तरात आहे. फूटपट्टी आडवी धरून दाबा, लगेच वाकते. उभ्या कडेवर धरा, ढिम्म हलत नाही. गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात हेच मांडलं होतं. मी नव्या फळ्या १८ मिमीच्या आणि दोन फुटी घेतल्या, आणि प्रत्येकीच्या पुढच्या कडेला दीड इंच उंचीची पट्टी उभी चिकटवली. एवढ्याशा पट्टीने फळीचा ताठपणा दुपटीच्या घरात जातो, शिवाय प्लायची थराथरांची कड झाकली जाते ती वेगळीच.

पट्टी चिकटेपर्यंत दाबून धरायला क्लॅम्प नव्हते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून फळी करकचून आवळली. पांढरा डिंक त्यातलं पाणी लाकडात आणि हवेत गेल्यावरच पकडतो, म्हणून पावसाळ्यात पूर्ण एक दिवस हात लावला नाही. स्क्रू प्लायच्या कडेत थेट पिळले तर थर उकलतात. म्हणून आधी ३ मिमीचं भोक पाडलं.

मागे ६ मिमीचा प्लाय ठोकला, नाहीतर चौकट पत्त्यांच्या बंगल्यासारखी एका बाजूला कलते. पावसाची झड खाणाऱ्या भिंतीपासून मांडणी दोन बोटं लांब ठेवली. दिवाळी अंक आता सगळ्यात खाली. वर कवितासंग्रह, ते तसेही बारीकच असतात.