मोनोकोट काऊन मिळत नाही? हॉबिको कंपनी बुडाली त्यामागची गोष्ट

एरोमॉडेलिंग, म्हणजे छोटी विमानं बनवून उडवणं, शिकायला येणारं एखादं पोरगं दर दोन-चार महिन्यांनी विचारतंच, "दादा, जुन्या प्लॅनवर मोनोकोट लिहिलंय, ते काऊन कुठंच भेटत नाही?" मी म्हणतो कंपनी बुडाली, आणि पुढच्या कामाला लागतो. पण ते उत्तर अर्धवट आहे, त्यात कंपनी कोणाची होती ते येत नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट तीच आहे, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

आधी मोनोकोट म्हणजे काय ते. बाल्सा लाकडाचा सांगाडा तयार झाला की त्यावर कातडी चढवावी लागते. एनसीसीच्या एअर विंगमध्ये आम्ही टिश्यू पेपर लावून वरून डोप (कागद ताणणारं वार्निशसारखं रसायन) मारायचो, अख्ख्या खोलीत वास, डोकं दुखायचं. मोनोकोट ही टॉप फ्लाइट ब्रँडची प्लास्टिक फिल्म, मागच्या बाजूला गोंद, छोट्या इस्त्रीनं कडा चिकटवायच्या आणि मग गरम हवा दिली की फिल्म आकसून ढोलासारखी ताणते. आता नागपूरचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे, विमान उन्हात उभ्या गाडीत राहिलं की तीच फिल्म ढिली पडून पंखावर सुरकुत्या येतात, घरी आणून परत इस्त्री. माझ्या पहिल्या विमानाच्या डाव्या पंखावर मी किती वेळा इस्त्री फिरवली असेल त्याचा हिशोब नाही, पण फिल्म फाटली नाही.

टॉप फ्लाइट हा हॉबिकोचा ब्रँड. हॉबिको अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, शॅम्पेन नावाच्या गावातली. गोष्ट सुरू होते १९७१ पासून, टॉवर हॉबीज या टपालानं माल पाठवणाऱ्या दुकानापासून. टॉवरचा कॅटलॉग चांगला जाडजूड असायचा, इंजिनं, सर्व्हो (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), चाकं, स्क्रू सगळ्यांचे फोटो आणि किमती. आमच्या वेळी कोणाचे तरी काका अमेरिकेहून आले की कॅटलॉग यायचा आणि तो नागपुरात महाल, धरमपेठ, सदर असा हातोहात फिरायचा, पानं सुटली तर टाके घालायचे, पण टाकून कोणी द्यायचं नाही. त्यातलं काही विकत घ्यायची ऐपत कोणाचीच नव्हती, पण एका विमानाला काय काय लागतं हे आम्ही त्यातूनच शिकलो.

पुढे टॉवर, विमानांचे किट बनवणारी ग्रेट प्लेन्स, टॉप फ्लाइट हे सगळं हॉबिकोच्या छताखाली आलं. जपानचे फुताबा रेडिओ (विमान चालवायचे रिमोट) आणि ओ.एस. इंजिनं अमेरिकेत वाटायचं कामही त्यांच्याकडे. २००७ मध्ये रेवेल-मोनोग्राम घेतली, म्हणजे प्लास्टिकच्या स्केल मॉडेलमधली सगळ्यात जुन्या नावांपैकी दोन. २०१० मध्ये छोट्या रॉकेटवाली एस्टेस घेतली, २०१२ मध्ये जर्मनीची रेवेल. एस्टेसबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. १९५८ मध्ये व्हर्न एस्टेस या माणसानं छोट्या रॉकेटचं इंजिन बनवणारं यंत्र तयार केलं, त्याला नाव दिलं मेबल, आणि ते साडेपाच सेकंदाला एक इंजिन काढायचं. त्याआधी पोरं घरी स्फोटकाची दारू ठासून रॉकेट करायची आणि हात पाय गमावून बसायची. त्या यंत्रामुळे शाळेच्या मैदानावर सुरक्षित रॉकेट उडवता यायला लागलं. तर २०१२ पर्यंत हे सगळं हॉबिकोच्या पोटात होतं. दुसऱ्या कंपन्या विकत घेत मोठं व्हायचं, आणि विकत घ्यायला सहसा कर्ज लागतं.

आता मालकी कोणाची होती ते. २००५ पासून हॉबिको शंभर टक्के कर्मचाऱ्यांची होती. तिकडे ईसॉप म्हणतात त्याला. कामगार स्वतःच्या खिशातून पैसे घालत नाही, कंपनी त्याच्या नावानं ट्रस्टमध्ये शेअर टाकत जाते, तो निवृत्त झाला किंवा सोडून गेला की कंपनीनं ते शेअर त्या वेळच्या किमतीनं परत घ्यायचे, आणि ती रक्कम म्हणजे त्याचं म्हातारपण. शेअर बाजारात नसल्यामुळे किंमत वर्षातून एकदा मूल्यांकन करून ठरते. चांगल्या वर्षांत ही गोष्ट फार सुंदर चालते, गोदामात खोकी भरणारा माणूससुद्धा मालक, आणि हॉबिकोत तर फोन उचलणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः विमान उडवणारा असायचा, म्हणून सल्लाही खरा द्यायचा. पण धंदा खाली आला की शेअर खाली येतो, आणि त्याच वेळी जुन्या लोकांचे शेअर परत घ्यायला रोकड लागत राहते. नोकरी आणि म्हातारपणाची पुंजी दोन्ही एकाच टोपलीत. तिकडे पारंपरिक पेन्शनला सरकारी विमा आहे, ईसॉपच्या शेअरला नाही.

नागपूरकराला हे समजावून सांगायला नको खरं तर. एम्प्रेस मिल १८७७ मध्ये इथं सुरू झाली, जमशेटजी टाटांची, आणि तिथं १८८६ मध्येच पेन्शन फंड होता. कामगाराच्या म्हातारपणाचा विचार ज्या गावात एवढ्या आधी झाला, त्याच गावानं पुढे मिल बंद पडतानाही पाहिली. आज तिथं मॉल उभा आहे. आमच्या गल्लीतले एक आजोबा मिलमध्ये होते, ते म्हणायचे, "पगार बुडाला तर महिना जाते, फंड बुडाला तर जिंदगी जाते रे बाबू." मला हॉबिकोची बातमी वाचल्यावर पहिले तेच आठवले.

धंदा खाली का आला? एकच कारण नाही. जानेवारी २०१३ मध्ये डीजेआय कंपनीचा फँटम ड्रोन आला आणि लोकांना कळलं की महिनाभर बाल्सा कापून, सर्व्हो जोडून, पहिल्याच उड्डाणात आपटायची गरज नाही, खोक्यातून काढा आणि उडवा, कॅमेरासकट. हॉबिकोनंही ड्रोमिडा नावानं ड्रोन आणले, पण या बाजारात दर काही महिन्यांनी नवं मॉडेल येतं आणि गोदामातला माल जुना होतो, बाल्साच्या किटसारखा तो दहा वर्षं फळीवर टिकत नाही. चीनमधून थेट घरपोच माल यायला लागला, गावोगावची हॉबी शॉप बंद व्हायला लागली, आणि हॉबिको मूळची घाऊक वितरक, म्हणजे दुकानं गेली की तिचे हातपायच गेले. त्यात डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफएएनं (तिकडचं विमान वाहतुकीचं सरकारी खातं) २५० ग्रॅमच्या वरच्या प्रत्येक मॉडेलच्या मालकाला नोंदणी लावली, मे २०१७ मध्ये कोर्टानं छंदवाल्यांपुरती ती उडवली, डिसेंबरमध्ये कायद्यानं परत आली. नवखा माणूस अशा गोंधळात पैसे घालत नाही.

१० जानेवारी २०१८ ला हॉबिकोनं डेलावेअरच्या कोर्टात चॅप्टर ११ खाली, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज केला. खेळण्यांची मोठी साखळी टॉईज आर अस सप्टेंबर २०१७ मध्येच त्या वाटेला लागली होती, म्हणजे अख्ख्या खेळण्यांच्या धंद्याचाच तो वाईट हिवाळा होता.

मग वाटणी. एप्रिल २०१८ मध्ये आरसीचा (रिमोटवर चालणाऱ्या मॉडेलचा) धंदा होरायझन हॉबीनं घेतला, ही त्याच शॅम्पेन गावातली प्रतिस्पर्धी कंपनी. एस्टेस जॉन लँगफर्ड यांच्या कुटुंबानं घेतली. याच लँगफर्डनी १९८८ मध्ये डीडॅलस हे माणसानं पायडल मारून चालवायचं विमान क्रीटहून सँटोरिनीपर्यंत नेणाऱ्या गटाचं नेतृत्व केलं होतं, म्हणजे एस्टेस खऱ्या छंदवाल्याच्या घरी गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. रेवेल जर्मनीच्या एका गुंतवणूक कंपनीकडे गेली आणि तिचं अमेरिकेतलं ऑफिस बंद झालं. ब्रँड असे कुठे ना कुठे पोचले, माणसं नाही पोचली. होरायझननं सगळ्यांना कामावर घेतलं नाही, आणि दिवाळखोरीत भागधारकाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, आधी बँका, मग माल देणारे. इथं भागधारक म्हणजे तेच खोकी भरणारे आणि फोन उचलणारे लोक, त्यांच्या वाट्याला शेअरचं काही उरलं नाही.

या छंदात असं आधीही झालंय. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २००६ ला प्लास्टिक मॉडेलवाल्या एअरफिक्सची मालक हंब्रोल बुडाली, ब्रँड हॉर्नबी कंपनीनं घेतला, हल गावातल्या बहुतेक कामगारांची नोकरी गेली. जर्मनीची मेर्कलिन, आगगाड्यांची, १८५९ पासूनची, ती फेब्रुवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण ती कंपनी म्हणून सावरली.

मोनोकोटचं उत्तर यातच आहे. होरायझनकडे आधीपासून अल्ट्राकोट नावाची फिल्म होती, जर्मनीत बनणारी, मग एकाच घरात दोन फिल्म कशाला. टॉप फ्लाइट आणि ग्रेट प्लेन्सचे बरेचसे किटही असेच गेले.

आपल्याकडे याचा फटका उशिरा कळला, कारण आपल्याकडे माल तसाही कोणाच्या तरी बॅगेतून यायचा. महालातल्या एका भाऊंकडे ग्रेट प्लेन्सचा पीटी-४० ट्रेनर (शिकाऊ विमान) आहे, भाच्यानं आणलेला, ओ.एस.चं ४० इंजिन, म्हणजे साडेसहा सीसी. दोन वर्षांमागे उतरताना नाकाच्या बाजूला फायरवॉल, म्हणजे इंजिन बसतं ती फळी, तुटली. आधी किटचा तेवढा पार्ट मागवता यायचा, आता प्लॅनचा कागद खिडकीच्या काचेवर धरून, ट्रेस करून, प्लायवूड कापून आम्ही तो घरी बनवला, तीन रविवार गेले. परत इंजिन सुरू झालं तेव्हा भाऊ इंधनातल्या एरंडेलाच्या त्या धुरात नुसते उभे राहिले, बोलले नाहीत काही.

त्यात आता नियमही बदललेत. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, ८ ते १२ च्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच, आणि सोनेगावचा विमानतळ शहराला इतका चिकटून आहे की उडवायला गावाबाहेरच जावं लागतं. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुटे भाग मागवता येतात.

माझ्याकडे लाल मोनोकोटचा अर्धा रोल उरलाय, ऊन लागू नये म्हणून पीव्हीसी पाइपात घालून पलंगाखाली ठेवलाय. त्यातून अख्खा पंख आता मढवत नाही, नवीन विमानाला दुसरी फिल्म लावतो. भाऊंच्या पीटी-४० च्या नाकावर मात्र चार बोटं रुंद पट्टी त्यातलीच लावली, कारण बाकी विमान त्याच लालचं होतं.