राळ्यातून एक मिलिग्रॅम, अंड्याला वीस

पिंजऱ्यातली झेब्रा फिंच म्हणजे जेमतेम बारा ग्रॅमचा जीव. मूळची ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातली. आता मात्र पुण्या-मुंबईच्या कितीतरी बाल्कन्यांत चिवचिवत असते. मादी अंड्यावर आली की रोज एक, अशी चार ते सहा अंडी घालते. एकेक अंडं साधारण एक ग्रॅमचं असतं आणि त्याच्या कवचात सुमारे वीस मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.

आता तिच्या वाटीत बघू. राळा हे फिंचचं आवडतं खाद्य. शंभर ग्रॅम राळ्यात कॅल्शियम असतं तीसेक मिलिग्रॅम. पक्षी दिवसाला तीन-चार ग्रॅम दाणे खातो, म्हणजे पदरात पडतं जेमतेम एक मिलिग्रॅम. त्यात दाण्यांमध्ये फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट, आणि त्यातला बराचसा फायटेट नावाच्या संयुगाच्या रूपात. हे फायटेट आहे ते कॅल्शियमही अडकवून ठेवतं. मग उरलेलं कॅल्शियम येतं कुठून? बाहेरून मिळालं नाही तर मादीच्या हाडांतून. कोंबडी अंडी घालण्याआधी हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा करून ठेवते. एवढ्याशा पक्ष्यांची ही शिल्लक मात्र फार थोडी असते, त्यांचं बरंचसं रोजच्या कमाईवर चालतं.

रानातले छोटे पक्षी त्यासाठी गोगलगाईंचे शंख शोधतात. नेदरलँड्समध्ये आम्लवर्षावाने जंगलाची माती आंबट झाली, गोगलगाई घटल्या आणि तिथले टिट नावाचे छोटे पक्षी पातळ, सच्छिद्र कवचाची अंडी घालू लागले. हे संशोधन 1994 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलं होतं. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला तर गोगलगाय शोधायला जायचीही सोय नाही.

उपाय आपण रोज कचऱ्यात टाकतो. कोंबडीच्या अंड्याचं टरफल पाच-सहा ग्रॅमचं असतं आणि जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. त्यात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम निघतं. टरफलं धुऊन दहा मिनिटं खळखळ उकळावीत, कारण सॅल्मोनेला जंतूंची भीती असते. मग पूर्ण वाळवून ओव्हनमध्ये साधारण 120 अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवावीत. ओव्हन नसेल तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर परतली तरी चालतं. काळी पडेपर्यंत मात्र नको. खलबत्त्यात रव्याइतकी जाडसर कुटावीत. टोकदार कपचे राहू देऊ नयेत आणि मैद्यासारखी पूडही करू नये, ती फिंचला चोचीत धरताच येत नाही.

बरेच जण ही भरड दाण्यांत कालवतात. फिंच खाताना जरा जवळून पाहा. दाणा चोचीच्या कडेला धरते, जिभेने फिरवते, साल खाली गळते आणि आतला गर तेवढा पोटात जातो. दाण्याला चिकटलेली पूड सालीबरोबर तळाच्या ट्रेमध्ये! म्हणून वेगळी छोटी वाटी. मादी गरजेप्रमाणे खाते आणि नराच्या माथी नको असलेलं कॅल्शियम मारलं जात नाही. कवच मुख्यतः रात्री चढतं, त्यामुळे संध्याकाळी वाटी रिकामी नसावी.

दुसरा पर्याय समुद्रफेस, दुकानातलं ‘कटल बोन’. हा फेस नव्हे आणि हाडही नव्हे. माकुळाच्या जातभाईचं, सेपियाचं, ते आतलं कवच. त्यातल्या बारीक कप्प्यांत वायू आणि द्रव कमी-जास्त करून तो प्राणी पाण्यात तरंगतो. कोकणच्या किनाऱ्यावर सापडला तर गोड्या पाण्यात काही दिवस भिजत घालावा, पाणी रोज बदलावं आणि कडक उन्हात वाळवावा. मऊ बाजू पक्ष्याकडे करून जाळीला अडकवायचा. दोन्हींत मी टरफलच निवडेन, कारण ते फुकट आहे आणि फिंचच्या नाजूक चोचीला सोपंही.

पानाचा चुना मात्र अजिबात नको. त्यातही कॅल्शियमच असतं, पण हायड्रॉक्साइडच्या रूपात. ते दाहक असतं, तोंड आणि अन्ननलिका भाजते. शिंपले भट्टीत जाळून, मग पाणी घालून तो चुना होतो. घरच्या मंद आचेवर टरफलाचा तसा चुना होत नाही, हेही सांगून टाकतो.

एवढं करून पिंजरा बंद काचेच्या खिडकीत ठेवला तर फायदा निम्मा. आतड्यातून कॅल्शियम शोषायला डी3 जीवनसत्त्व लागतं, ते तयार व्हायला उन्हातले अतिनील किरण हवेत, आणि साधी काच नेमके तेच अडवते. सकाळचं कोवळं ऊन थेट मिळावं, मात्र पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत हवा. डी3चे थेंब मनाने देऊ नयेत. अतिरेक झाला तर मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं.

कॅल्शियम कमी पडलं की स्नायूंचं आकुंचनही मंदावतं आणि अंडं वाटेत अडकतं. पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली, शेपूट वरखाली करत धापा टाकणारी मादी दिसली तर टरफलाची वेळ टळलेली असते. तिला उबेत ठेवावं आणि त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्यावं. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नये, ते आत फुटलं तर जीवावर बेततं.