एकांकिका : रंगमंचावरची घडण आणि रसास्वाद

एकांकिका म्हणजे एकाच अंकात, मध्यंतराशिवाय सादर होणारे नाटक. प्रयोग साधारण वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालतो, पण केवळ वेळेवरून हा प्रकार ओळखता येत नाही. ऑगस्ट स्ट्रिंडबर्गचे ‘मिस ज्यूली’ (१८८८) दीड तासाच्या आसपास चालते, तरी बांधणीने ते एकांकिकाच आहे. दुसऱ्या टोकाला सॅम्युएल बेकेटचे ‘ब्रेथ’ (१९६९) मिनिटभरही चालत नाही : मंचावर विखुरलेला कचरा, एक अस्फुट रडणे, आत घेतलेला श्वास, बाहेर सोडलेला श्वास आणि पुन्हा तेच रडणे. मंचावर एकही नट नाही. या दोन्हींना जोडणारी गोष्ट एकच. त्यांत गाठ एक आहे, ती आवळत जाते आणि मधे कुठेही प्रेक्षकाला उठू दिले जात नाही. म्हणून एकांकिकेकडे मोठ्या नाटकाची छोटी आवृत्ती म्हणून पाहिले की तिच्यातले बरेच काही निसटते.

भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त सांगितलेल्या दहा रूपकांपैकी (नाट्यप्रकारांपैकी) भाण, प्रहसन, व्यायोग, वीथी आणि अंक (उत्सृष्टिकांक) ही रूपके एका अंकाची आहेत. म्हणजे हा प्रकार आधुनिक काळाने शोधून काढलेला नाही. जपानमध्ये ‘नो’ या गंभीर पारंपरिक नाटकांच्या मधे क्योगेन हे छोटे विनोदी नाट्य सादर होत आले. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय नाट्यगृहांत मुख्य नाटकाच्या आधी एक लहानसे नाटक लावत. उशिरा येणारे प्रेक्षक स्थिरावेपर्यंतची ती सोय असे. या दुय्यम जागेवरून एकांकिकेला बाहेर काढले ते लहान प्रयोगशील मंडळ्यांनी. पॅरिसमध्ये गॅस कंपनीत कारकुनी करणाऱ्या आंद्रे आंत्वानने १८८७ साली ‘थिएटर लिब्र’चा पहिला प्रयोग केला तो चार एकांकिकांचा. पैसा कमी, जागा लहान, नट हौशी. अशा मंडळींना एकाच नेपथ्यावर, मोजक्या पात्रांत होणारे नाटक परवडत होते. स्ट्रिंडबर्गने ‘मिस ज्यूली’च्या प्रस्तावनेत मध्यंतर नाकारण्याचे कारणही दिले : मध्यंतरात प्रेक्षकाला विचार करायला सवड मिळते आणि तो लेखकाच्या प्रभावातून सुटतो.

एकांकिकेचा कस पहिल्याच मिनिटांत लागतो. मोठ्या नाटकाला पहिला प्रवेश ओळखपाळखीसाठी खर्च करता येतो, एकांकिकेला ती चैन परवडत नाही. कच्च्या संहितेत पात्रे एकमेकांना स्वतःला आधीच ठाऊक असलेली माहिती सांगत बसतात. सख्खा भाऊ भावाला सांगतो की आपले वडील तीन वर्षांपूर्वी गेले. पक्की संहिता हेच एखाद्या रिकाम्या खुर्चीतून सांगते, जिच्यावर कोणी बसत नाही. गोष्ट उशिरा सुरू करणे, म्हणजे घटना जवळजवळ संपत आली असताना पडदा उघडणे, ही एकांकिकेची मूळ युक्ती आहे.

तिचे मला सर्वांत थक्क करणारे उदाहरण भासाच्या नावावर असलेल्या ‘ऊरुभंग’ या एका अंकाच्या संस्कृत नाटकात सापडते. विषय भीम आणि दुर्योधन यांच्या गदायुद्धाचा, पण ते युद्ध मंचावर होतच नाही. तीन सैनिक येतात आणि त्याचे वर्णन करतात; प्रत्यक्ष दिसतो तो मांड्या मोडल्यावरचा दुर्योधन, सरपटत पुढे येणारा. मग त्याचे आंधळे वडील आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली आई येतात, राण्या येतात, लहानगा दुर्जय येतो. मुलगा सवयीने वडिलांच्या मांडीवर बसायला जातो आणि वडिलांना त्याला थांबवावे लागते. युद्धात काय मोडले ते सैनिकांच्या वर्णनातून आधी ऐकलेले असते, पण ते समजते या क्षणी. नाटककाराने एवढे मोठे युद्ध विंगेत ठेवले आणि एका मुलाची मांडीवर बसण्याची सवय मंचावर आणली. या निवडीत एकांकिकेचे सारे शास्त्र आले. भरताने मंचावर मृत्यू दाखवू नये असे सांगितले असताना ‘ऊरुभंग’चा शेवट मात्र नायकाच्या मृत्यूने होतो, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

वस्तूंचा वापर हा दुसरा मोठा विषय. मंचावर ठेवलेली प्रत्येक प्रॉपर्टी वीस-तीस मिनिटे सतत डोळ्यांसमोर राहते, त्यामुळे ती शोभेची असून चालत नाही. जॉन मिलिंग्टन सिंजच्या ‘रायडर्स टू द सी’ (पहिला प्रयोग डब्लिन, १९०४) मध्ये हे पाहण्यासारखे आहे. आयर्लंडच्या पश्चिमेकडील एका बेटावरची झोपडी, भिंतीला टेकवलेल्या कोऱ्या पांढऱ्या फळ्या, एक नवा दोर, भाजायला ठेवलेली पाव-भाकरी. आई मॉऱ्याने फळ्या आणल्या आहेत त्या समुद्रात बेपत्ता झालेल्या मायकेलच्या शवपेटीसाठी, त्याचे प्रेत सापडेल या आशेने. दोरही दफनाच्या वेळी लागेल म्हणून जपायचा आहे, पण शेवटचा उरलेला मुलगा बार्टली तो घोडीच्या लगामासाठी घेऊन जातो. भाकरी त्याच्या शिदोरीची. ती द्यायची राहून जाते. शेवटी बार्टलीचेच प्रेत घरात आणतात, तेव्हा शवपेटी त्याच पांढऱ्या फळ्यांची होणार असते आणि ती भाकरी पेटी बनवणाऱ्यांनी काम करताना खावी असे ठरते. एक म्हातारा विचारतो, खिळे आहेत का? खिळे आणायचे कुणाच्या लक्षातच आलेले नसते. इतक्या शवपेट्या होताना पाहिलेल्या आईने खिळे विसरावेत, याचे दुसऱ्या एका माणसाला नवल वाटते; तिची मुलगी कॅथलीन एवढेच म्हणते की ती म्हातारी झाली आहे, खचली आहे. बाकीचे प्रेक्षकावर सोपवलेले आहे.

याच नाटकावर एक जुना आक्षेप आहे : बार्टली निघतो, समुद्रात पडतो, त्याचे प्रेत घरी येते आणि हे सगळे अर्ध्या तासाच्या आत. घड्याळ लावले तर आक्षेप खरा आहे. प्रयोगात मात्र तो जाणवत नाही, कारण मधल्या काळात दोघी बहिणी मायकेलच्या कपड्यांचे गाठोडे सोडून मोज्यातले टाके मोजत असतात. नोराने स्वतः विणलेला मोजा, त्यात तिच्या हातून सुटलेले चार टाके. त्यावरून भाऊ ओळखला जातो. प्रेक्षक त्या मोजणीत इतका अडकतो की बाहेर किती वेळ गेला हे तो विचारत नाही. मंचावरचा काळ घड्याळाने चालत नाही, तो लक्ष कुठे गुंतले आहे त्यावर चालतो. दिग्दर्शकाने हा टाके मोजण्याचा भाग घाईने उरकला तर मात्र आक्षेप लगेच खरा ठरतो.

जो माणूस मंचावर येतच नाही, तोही एकांकिकेत मध्यवर्ती होऊ शकतो. सुझन ग्लॅस्पेलने वार्ताहर असताना आयोवातल्या एका खुनाच्या खटल्याचे वार्तांकन केले होते. त्यावरून सुचलेली ‘ट्रायफल्स’ प्रॉव्हिन्सटाउनमध्ये १९१६ साली झाली. नवऱ्याच्या खुनाचा संशय असलेली मिनी राइट तुरुंगात आहे. आपल्याला दिसते ते तिचे थंडगार, अर्धवट आवरलेले स्वयंपाकघर. तपास करणारे पुरुष वरच्या मजल्यावर आणि गोठ्यात पुरावा शोधतात. खालच्या दोघी बायकांना तो सापडतो : रजईचे अचानक वेडेवाकडे झालेले टाके, पिंजऱ्याचे मोडलेले दार, शिवणाच्या पेटीत रेशमात गुंडाळलेला मान पिरगळलेला पक्षी. मिनीची व्यक्तिरेखा एकही नटी उभी करत नाही, तरी प्रयोगानंतर ती सर्वांत स्पष्ट आठवते. नेपथ्यकाराची जबाबदारी इथे नटाइतकीच असते. टेबलाचा अर्धाच भाग पुसलेला दिसला नाही तर प्रेक्षकाला वाचायला काही उरत नाही.

न दिसणाऱ्या माणसाशी बोलण्याची परंपरा फार जुनी आहे. संस्कृत भाणात एकच नट असतो. तो आकाशाकडे पाहत ‘काय म्हणतोस?’ असे विचारतो, समोरच्याचे उत्तर स्वतःच उच्चारतो आणि पुढे बोलतो. यालाच आकाशभाषित म्हणतात. झाँ कॉक्तोने १९३० साली ‘ला व्हॉय ह्युमेन’मध्ये एका स्त्रीच्या हाती टेलिफोन दिला आणि पलीकडचा आवाज प्रेक्षकाला ऐकूच येऊ दिला नाही. मराठीत दिवाकरांच्या नाट्यछटेत एकच पात्र बोलते आणि बाकीच्यांचे बोलणे त्याच्या उत्तरांतून कळते. स्ट्रिंडबर्गच्या ‘द स्ट्राँगर’ (१८८९) मध्ये दोन स्त्रिया समोरासमोर आहेत, पण बोलते फक्त एक. दुसरी पूर्ण वेळ गप्प राहते. दोघींपैकी अधिक बलवान कोण, हा प्रश्न संहितेने उघडा ठेवला आहे. त्याचे उत्तर प्रत्येक प्रयोगात न बोलणाऱ्या नटीच्या नजरेवर, तिच्या हसण्याच्या वेळेवर ठरते. वाचताना ती भूमिका रिकामी वाटते. म्हणून केवळ संहिता वाचून एकांकिकेबद्दल मत देणे धोक्याचे.

विनोदी एकांकिकेची घडण थोडी वेगळी असते. तिला रहस्य लागत नाही, चढण लागते. आंतोन चेखवच्या ‘द प्रपोजल’मध्ये लोमोव लग्नाची मागणी घालायला येतो आणि एका कुरणाची मालकी कुणाची यावरून मुलीशी कडाक्याचे भांडतो. त्याला घालवून दिल्यावर तिला कळते की तो मागणी घालायला आला होता. ती त्याला परत बोलवायला लावते आणि आता कुत्र्यांवरून भांडण जुंपते. दुसरे भांडण पहिल्यापेक्षा वरच्या पट्टीत गेलेच पाहिजे, नाहीतर ती नुसती पुनरावृत्ती होते. नट पहिल्या भांडणातच आवाजाची सगळी ताकद वापरून बसले तर पुढे चढायला पायरीच राहत नाही. प्रेक्षकांच्या हशाला द्यायचा अवकाशही तालमीत पुरता ठरवता येत नाही. तो त्या दिवशीच्या प्रेक्षकावर ठरतो.

अभिनयाच्या अंगाने पाहिले तर एकांकिका नटाला क्षमा करत नाही. दोन-तीन अंकी नाटकात सुरुवात फिकी गेली तरी पुढे रंगात येता येते. इथे पहिल्या एंट्रीलाच पात्र आयुष्यासकट आत यावे लागते : ते कुठून आले, धावत की टाळाटाळ करत, हे चालीत दिसावे लागते. तांत्रिक बाजूंपैकी ब्लॅकआउटबद्दल स्पष्टच सांगायला हवे. दर अंधारात प्रेक्षक हलतो, खोकतो, शेजाऱ्याकडे पाहतो. आवळत आणलेली गाठ तेवढी सैल होते. अर्ध्या तासात सात-आठ ब्लॅकआउट घेणारी संहिता बहुधा चित्रपटाच्या डोक्याने लिहिलेली असते. काळ बदलायचाच असेल तर एक प्रकाशवर्तुळ, जागा बदलणारा एखादा नट किंवा उलटा घातलेला कोट पुरतो. पार्श्वसंगीताचेही तसेच : दुःखाच्या वाक्याखाली सूर धरला की नटाचे काम अर्धे होते असे वाटते, प्रत्यक्षात त्याचे मौन झाकले जाते.

रसास्वाद घेताना कथानकापेक्षा बदलाकडे पाहणे फलदायी ठरते. पडदा उघडताना कोण कुठे उभे होते, शेवटी कोण कुठे आहे. सुरुवातीला ज्याच्या हाती सूत्रे होती ती कुणाकडे गेली आणि नेमक्या कोणत्या वाक्याला, किंवा वाक्याविना, गेली. तो क्षण सापडला की नाटक सापडले. एकच एकांकिका दोन वेगळ्या संचांत पाहावी. तो क्षण अनेकदा वेगळ्या जागी पडलेला आढळतो.

शेवटाविषयी लिहिणारे बहुतेक जण धक्क्याचे कौतुक करतात. धक्का पहिल्या प्रयोगाला चालतो, पण जाणत्या प्रेक्षकाला तो पुन्हा आणत नाही. टिकणारा शेवट आधी दिसलेल्याच एखाद्या गोष्टीला वेगळे वजन देतो. बेकेटचे ‘क्रॅप्स लास्ट टेप’ १९५८ साली लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात प्रथम झाले. एकोणसत्तर वर्षांचा क्रॅप आपल्या एकोणचाळिसाव्या वर्षी ध्वनिमुद्रित केलेला स्वतःचा आवाज ऐकतो. मधे तो टेप पुढे पळवतो, मागे घेतो, शिव्या देतो. नावेतल्या त्या दुपारची आठवण तेवढी पुन्हा लावतो. शेवटी टेपवरचा तरुण क्रॅप म्हणतो की ती वर्षे आपल्याला परत नकोत. म्हातारा काही बोलत नाही, समोर पाहत निश्चल बसतो. प्रेक्षागृह शांत असते आणि रीळ आवाजाविना फिरत राहते.