रिमोट कंट्रोल हेलिकॉप्टर : सार्वजनिक उद्यानांतील उड्डाण

जमिनीवर उभे राहून रेडिओ ट्रान्समीटरने उडवायचे छोटे, वैमानिकरहित हेलिकॉप्टर म्हणजे रिमोट कंट्रोल हेलिकॉप्टर. छंदिष्ट त्याला ‘आरसी हेली’ म्हणतात. बागेत किंवा मैदानावर ते उडवता येते का, हा प्रश्न कायद्याचा आहे आणि यंत्राचाही. भारतीय नियम प्रामुख्याने वजन आणि जागा पाहतात. या यंत्रातला धोका मात्र मुख्यतः फिरत्या पात्यात असतो. त्यामुळे नियमांत सहज बसणारे हेलिकॉप्टरही बागेत उडवण्याजोगे नसू शकते, आणि अगदी निरुपद्रवी खेळणेही एखाद्या पोलीस आदेशाच्या कक्षेत येऊ शकते.

खेळणे आणि यंत्र

नियंत्रित उड्डाण करू शकणारी आरसी हेलिकॉप्टरे १९७० च्या सुमारास आली. जर्मनीचे डीटर श्ल्यूटर हे या क्षेत्रातले आद्य नाव. आज बाजारात ‘रिमोटचे हेलिकॉप्टर’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात.

पहिली वस्तू म्हणजे जत्रेत, खेळण्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारे प्लॅस्टिकचे हेलिकॉप्टर. त्याच्या एकाच दांड्यावर एकाखाली एक असे उलट दिशांनी फिरणारे दोन रोटर (म्हणजे पात्यांचे चक्र) असतात, म्हणून ते आपोआप स्थिर राहते. वजन बहुधा ५० ग्रॅमच्या आत. स्वस्त नमुने इन्फ्रारेड किरणांवर चालतात. ते दिवाणखान्यात चांगले उडतात, पण उन्हात संदेश नीट पोचत नाहीत आणि वाऱ्याच्या पहिल्याच झुळकीला ते झाडावर जाऊन अडकतात. यात डोळा सांभाळायचा आणि केस अडकू द्यायचे नाहीत, बाकी फारशी चिंता नाही.

दुसरी वस्तू खऱ्या हेलिकॉप्टरच्या तत्त्वावर चालते. एकच मुख्य रोटर, शेपटीला छोटा रोटर, आणि पात्यांचा कोन उड्डाणात सतत बदलणाऱ्या छोट्या मोटरी, म्हणजे सर्वो. पात्याचा कोन उणे करून ते उलटेही उडवता येते. छंदिष्ट अशा कसरतींना ‘थ्री-डी’ म्हणतात. हे यंत्र पात्याच्या किंवा सांगाड्याच्या आकारावरून ओळखले जाते: ‘४५० वर्ग’ म्हणजे सुमारे ३२५ मिमीची पाती आणि पाऊण किलोच्या आसपास वजन, ‘७०० वर्ग’ म्हणजे ७०० मिमीच्या जवळपासची पाती, साधारण १.६ मीटर व्यासाचा रोटर आणि बॅटरीसह पाचेक किलो वजन. बागेतल्या उड्डाणाची खरी चर्चा या दुसऱ्या प्रकाराबद्दलच आहे.

पात्याचा हिशेब

७०० वर्गातले हेलिकॉप्टर मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला १६५ मीटरच्या पुढे जातो, म्हणजे ताशी जवळजवळ ६०० किमी. पाती कार्बन फायबरची, कडक आणि पातळ धारेची असतात. ढोबळ मानाने पाहिले तर अशा दोन पात्यांत साठलेली ऊर्जा दीड हजार जूलच्या घरात जाते. पाच किलोचे अख्खे यंत्र ३० मीटरवरून खाली पडले तर जमिनीवर आदळताना जेवढी ऊर्जा असेल, तेवढी ही आहे. फरक एवढाच की पडण्यासाठी यंत्राला आधी ३० मीटर वर जावे लागते, पाती मात्र जमिनीवर उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरमध्येही तेवढीच ऊर्जा बाळगून असतात. ४५० वर्गाचे हेलिकॉप्टर हलके असले तरी त्याच्या पात्याचे टोक ताशी साडेतीनशे किमीच्या पुढे असते. वजनकाट्यावर पाहिले तर ते एखाद्या साध्या कॅमेरा ड्रोनसारखेच भरेल. धोक्याच्या दृष्टीने दोन्ही एकाच पंक्तीत बसवणे चूक आहे.

चार पंख्यांच्या ड्रोनची मोटर बंद केली की छोटे पंखे लगेच थांबतात. हेलिकॉप्टरच्या मुख्य रोटरला एकाच दिशेने धरणारी बेअरिंग असते, त्यामुळे मोटर बंद झाली तरी पाती आपल्या जोरावर फिरत राहतात. हवेत इंजिन बंद पडल्यावर याच फिरत्या पात्यांच्या आधाराने कुशल उडवणारा यंत्र सुखरूप उतरवू शकतो. या उतरण्याला ऑटोरोटेशन म्हणतात. यंत्र वाचवणारी हीच सोय बागेत मात्र घातक ठरू शकते. हेलिकॉप्टर उतरले, मोटरचा आवाज थांबला, म्हणून एखादे मूल ते बघायला धावत येते तेव्हा पाती अजून फिरतच असतात.

अपघाताची इतर कारणे अनुभवी माणसांना पाठ असतात. हेलिकॉप्टरचे नाक आपल्याकडे वळले की डावे-उजवे उलटे होते. नवशिक्याचा हात तिथे फसतो आणि यंत्र दूर जाण्याऐवजी अंगावर येते. दुरुस्तीनंतर गायरोची (शेपूट स्थिर ठेवणाऱ्या सेन्सरची) दिशा उलटी राहिली तर यंत्र उचलताक्षणी भोवऱ्यासारखे फिरू लागते. पाते धरणारा बोल्ट सैल असेल, पात्याला डोळ्यांना न दिसणारी चीर असेल किंवा शेपटीच्या रोटरचा पट्टा तुटला, तर ट्रान्समीटर हातात असूनही उपयोग नसतो. लिथियम पॉलिमर बॅटरीचा धोका वेगळाच. आपटल्यावर ती ठीक दिसते आणि काही मिनिटांनी फुगून पेट घेते. उन्हाळ्यातल्या वाळलेल्या गवतावर पडलेले हेलिकॉप्टर म्हणूनच नुसते उचलून गाडीत टाकायचे नसते.

२०१३ साली या छंदाला दोन मोठे धक्के बसले. जुलैमध्ये स्वित्झर्लंडच्या ल्यूसर्न प्रांतात एका माणसाचा स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरच्या आघाताने मृत्यू झाला. ५ सप्टेंबरला न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या कॅल्व्हर्ट व्हॉक्स पार्कमध्ये १९ वर्षांचा एक तरुण डोक्याला पाते लागून जागीच मरण पावला. तो नवशिका नव्हता, कसरती करण्यात तरबेज होता. हे उद्यान मॉडेल विमाने उडवण्यासाठी शहराने मुद्दाम नेमून दिलेल्या जागांपैकी एक आहे, हे विशेष. जागा अधिकृत, उडवणारा निष्णात आणि तरीही मृत्यू. परवानगीचा कागद पात्याला अडवत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

छंदिष्टांची शिस्त

अमेरिकेतील ॲकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स ही १९३६ पासूनची संघटना. उड्डाणरेषेवरचा उडवणारा आणि त्याचा मदतनीस सोडून कोणाही माणसाच्या २५ फुटांच्या आत यंत्र येऊ नये, असा तिच्या सुरक्षा संहितेतला जुना दंडक आहे. बागेत उडवण्याजोग्या मॉडेलांसाठी तिने वेगळा ‘पार्क’ वर्ग केला. त्यात वजन दोन पौंडांच्या म्हणजे सुमारे ९०० ग्रॅमच्या आत आणि वेग ताशी ६० मैलांच्या आत असावा लागतो. हेलिकॉप्टर उडवणारे बहुतेक जण २५ फूट हे अंतर अपुरे मानतात, आणि ते बरोबरच आहे. मोठ्या वर्गातल्या यंत्राचे पाते निसटले तर ते त्याच्या कितीतरी पलीकडे जाते.

उडवणारे रोज पाळतात तो नियम साधा आहे. ट्रान्समीटरवरचा ‘थ्रॉटल होल्ड’, म्हणजे मोटर बंद ठेवणारा खटका, दाबल्याखेरीज यंत्राला हात लावायचा नाही, आणि तो दाबूनच ते मैदानाच्या मध्यापर्यंत न्यायचे. संदेश तुटल्यास मोटर आपोआप बंद होईल असे फेलसेफ आधीच बसवून तपासून घ्यायचे. पूर्वी २७, ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या संचांत दोघांचा चॅनेल एकच निघाला तर एकाचे यंत्र दुसऱ्याच्या हाती जाऊन आदळत असे. २.४ गिगाहर्ट्‌झचे संच आल्यापासून तो प्रकार जवळपास संपला. भारतात या पट्ट्यात कमी शक्तीच्या उपकरणांना वेगळा वायरलेस परवाना लागत नाही.

आपल्याकडच्या मैदानांची काही खास संकटे परदेशी पुस्तिकांत सापडणार नाहीत. भटकी कुत्री उतरणाऱ्या हेलिकॉप्टरवर धावून जातात. घारी त्याला आपल्या हद्दीतला घुसखोर समजतात. संक्रांतीच्या आसपास झाडांवर आणि हवेत लोंबणारा मांजा रोटरच्या दांड्याला गुंडाळला की यंत्र दगडासारखे खाली येते. आणि रविवारी सकाळी एकाच मैदानावर क्रिकेटचे पाच सामने चालू असतील, तर तिथे ‘मोकळी जागा’ अशी काही नसतेच.

भारतातील नियम

भारतात आरसी हेलिकॉप्टरसाठी वेगळा कायदा नाही. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेले ड्रोन नियम त्याला लागू होतात, कारण या नियमांत दूरनियंत्रणाने चालणारे वैमानिकरहित विमान असा व्यापक अर्थ घेतला आहे आणि रोटरवर उडणारी यंत्रे त्यातच मोडतात. ‘माझा ड्रोन नाही, हेलिकॉप्टर आहे’ हा युक्तिवाद मैदानावर अनेकदा ऐकू येतो. तो टिकत नाही. (१९३४ च्या विमान अधिनियमाच्या व्याख्येत तर पतंगही ‘विमान’ होता.)

वजनानुसार २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल असे वर्ग आहेत. शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या यंत्राला नियमांत ‘मॉडेल’ असा वेगळा दर्जा आहे. अशा मॉडेलला प्रकार-प्रमाणपत्र, म्हणजे यंत्राच्या नमुन्याला मिळणारी सरकारी मान्यता, लागत नाही. घरी जुळवलेल्या हेलिकॉप्टरसाठी ही मोठी सवलत आहे. पण छंद आहे म्हणून नोंदणी टळत नाही. २५० ग्रॅमवरच्या यंत्राची नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो. नॅनो वर्गाला आणि व्यावसायिक वापर नसलेल्या मायक्रो वर्गाला वैमानिक प्रमाणपत्राची अट नाही. म्हणजे ४५० वर्गाचे हेलिकॉप्टर प्रमाणपत्राशिवाय उडवता येते, ७०० वर्गाला ते लागते. ही रेषा वजनावरच ओढली असली तरी निदान सर्वांत घातक पाती तिच्या पलीकडे राहतात.

आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग आहेत. हिरव्या भागात १२० मीटरपर्यंत (४०० फूट) परवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लाल भागात केंद्र सरकारची परवानगी लागते. चालू विमानतळाच्या परिघापासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात हिरवी मर्यादा ६० मीटरवर येते. आणखी जवळ गेल्यास परवानगीशिवाय उडवता येत नाही. महाराष्ट्र आणि गोव्याच्या नकाशावर हे लावून पाहिले की छंदिष्टाच्या वाट्याला किती थोडे आकाश येते ते दिसते. मुंबईत सांताक्रूझचा विमानतळ शहराच्या मध्यातच आहे, शिवाय जुहू विमानतळ, कुलाब्याचा नौदलाचा हवाई तळ आणि तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र. दादरचे शिवाजी पार्कही १२ किमीच्या आतच येते. पुण्यात लोहगावचा हवाई दलाचा तळ आणि लष्करी संस्था, नाशिकमध्ये ओझर आणि देवळाली, गोव्यात दाबोळी आणि २०२३ पासून मोपा. उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा पाहणे म्हणूनच औपचारिकता नाही. राज्य सरकार किंवा पोलीसही एखादा भाग एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांसाठी तात्पुरता लाल जाहीर करू शकतात. सभा, मिरवणुका, मान्यवरांचे दौरे अशा वेळी कालचे हिरवे आकाश आज लाल असू शकते.

पोलीस आदेश आणि बागेचा मालक

हवाई नियम पाळले तरी मुंबईत आणखी एक अडथळा असतो. मुंबई पोलीस वारंवार प्रतिबंधात्मक आदेश काढून ड्रोन, रिमोट कंट्रोलवर चालणारी मायक्रोलाइट विमाने, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून इत्यादींच्या उड्डाणाला बंदी घालतात. कारण दहशतवादी त्यांचा वापर करू शकतील, असे दिले जाते. पोलीस उपायुक्तांची लेखी परवानगी असेल तर अपवाद होतो. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ त्या जागी आले. असा आदेश सामान्यतः दोन महिन्यांहून अधिक टिकत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा काढला जातो. मोडणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होते. चौपाटीवर उडणारे पन्नास ग्रॅमचे खेळणे पोलीस सहसा अडवत नाहीत, पण ते अडवले तर वाद घालायला फारसा आधारही नाही.

शेवटी जागेचा मालक. बाग महापालिकेची असो, सोसायटीची असो की शाळेची, तिथून उड्डाण करू द्यायचे की नाही हे तो ठरवतो. आकाश हिरवे आहे म्हणून बागेचा माळी किंवा सुरक्षारक्षक गप्प बसायला बांधील नाही. अमेरिकेतही हेच दुहेरी चित्र आहे. आकाशाचे नियम संघीय विमान वाहतूक प्रशासनाचे: २५० ग्रॅमवरच्या यंत्राची नोंदणी आणि छंदिष्टांसाठी एक मोफत ऑनलाइन चाचणी. जमिनीवरून उडवण्याची मुभा मात्र शहर किंवा काउंटी देते, आणि तिथल्या राष्ट्रीय उद्यानांनी २०१४ पासून दार बंदच केले आहे. तिकडे घेतलेले यंत्र सुट्टीत भारतात आणणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, आणि कस्टम्सच्या जाहीरनाम्यात ड्रोनचा स्वतंत्र उल्लेख असतो.

इजा झाल्यास

ड्रोन नियमांच्या भंगाला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपघात झाल्यास ४८ तासांच्या आत कळवावे लागते. कोणाला इजा झाली तर प्रकरण दंडावर थांबत नाही. निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये येते, आणि गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मृत्यू ओढवला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत. नॅनो सोडून सर्व वर्गांना त्रयस्थ विमा (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा) बंधनकारक आहे. वैमानिक प्रमाणपत्र १८ वर्षांखालील व्यक्तीला मिळत नाही, त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला ७०० वर्गाचे हेलिकॉप्टर घेऊन दिले, तर ते उडवण्यासाठी त्याला दोन वर्षे थांबावे लागेल.